जळगावचा माणूस ड्यून बघत नाही, ड्यूनमध्ये राहतो

भरीतपार्टी (जळगाव)

परवा 'मुक्काम कोथरूड' यांनी दुसऱ्याच धाग्यावर जाता जाता एक पिंक टाकली. शब्दशः देतो, नाहीतर नंतर "मी असं म्हटलंच नव्हतं" सुरू होतं:

"सुपरहिरो आणि परग्रहांचे सिनेमे म्हणजे घोड्यांसाठी अंगाई. दहा वर्षं तोच एक सिनेमा चालू आहे. गावाकडे आलो होतो तेव्हा ड्यूनचा दुसरा भाग पाहिला. हॉलमध्ये अकरा माणसं, त्यातली चार एसीसाठी आलेली. खान्देशात हे सिनेमे लावतात तरी कशाला?"

साहेब, त्या चारांतला एक मी. आणि एसी बंद होता.

उत्तर लांबेल. रविवार आहे, लाईट आहे, बायको माहेरी आहे.

पहिलं ड्यूनचं. पुण्याच्या माणसानं ड्यून बघावा आणि "वा, काय कल्पना!" म्हणावं. आमच्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर गेला की दुपारी बारा ते चार रस्त्यावर कुत्रं दिसत नाही. आमच्या गल्लीतल्या पोरी स्कूटीवर निघताना स्कार्फ असा बांधतात की ड्यूनमधल्या वाळवंटात राहणाऱ्या फ्रेमेन लोकांनी येऊन क्लास लावावा. त्या अराकिस ग्रहावर अंगातला घाम, लघवी सगळं गाळून परत प्यायचा सूट असतो. हे मी घरी येऊन आईला सांगितलं. ती माठाला फडकं गुंडाळत होती. तिनं एकच प्रश्न विचारला, "मग भांडी कशात घासतात?" दिग्दर्शक डेनिस व्हिलनव्हला हा प्रश्न पडला असेल असं वाटत नाही. आमच्या कॉलनीत नळ आठवड्यातून एकदा येतो, त्यामुळे आईला पडला.

पहिल्या भागात तो स्टिलगार राजाच्या टेबलावर थुंकतो, सगळे चिडतात, मग कळतं की वाळवंटात अंगातलं पाणी समोरच्याला देणं हा मान आहे. आपल्या एसटी स्टँडावर एवढा मान दर दोन मिनिटांनी मिळतो.

तेव्हा खान्देशात हे सिनेमे का लावतात, तर इथं ते कळतात म्हणून.

आता माझीही तक्रार आहे, पण कोथरूडकरांची नाही. माझी तक्रार अशी की या सिनेमांत हल्ली कुणी मरत नाही. २०१९ ला ॲव्हेंजर्सचा एन्डगेम लागला तेव्हा मी आणि माझा चुलतभाऊ तीन तास एक मिनिट बसलो, आयर्न मॅन टोनी स्टार्क गेला, भाऊ चक्क रडला. हा भाऊ स्वतःच्या लग्नात बिदाईलाही हसत होता. आणि २०२४ च्या जुलैत जाहीर काय करतात, तर टोनी झालेला तोच रॉबर्ट डाउनी ज्युनियर डॉक्टर डूम नावाचा खलनायक म्हणून परत येतोय! लोगन, म्हणजे वूल्व्हरिन, २०१७ ला मेला, पुरला, आम्ही मनातल्या मनात दहावं-तेरावं केलं. २०२४ ला डेडपूलनं त्याची हाडं उकरली आणि त्याच हाडांनी मारामारी केली. मल्टिव्हर्स, म्हणजे एकाच वेळी अनेक विश्वं, ही वारसनोंद न झालेली जमीन आहे. कोण कुठून उगवेल आणि हिस्सा मागेल, नेम नाही.

बाकी २०२५ चा सुपरमॅन मला आवडला. लाल चड्डी परत बाहेर आली, फार बरं वाटलं. सगळं शहर कोसळायला आलंय आणि हा गडी एक खार उचलून बाजूला ठेवतो. कुत्रं आहे, तेसुद्धा चुलत बहिणीचं, सांभाळायला ठेवलेलं. शेतकऱ्याच्या घरी वाढलेला पोरगा असाच असतो. त्याचं यान कॅन्ससच्या शेतात पडलं म्हणून निभावलं. रावेरच्या केळीबागेत पडलं असतं तर पहिला तलाठी आला असता पंचनाम्याला, आणि दुसरा विमावाला, "यान पडणे योजनेत बसत नाही" हे सांगायला.

केळीचा घड (रावेर)

विमावाला आलाच नसता भो. फोटो पाठवा म्हणाला असता.

मुक्काम कोथरूड

माझं वाक्य जसंच्या तसं छापल्याबद्दल आभार. त्यातलं एक अक्षर मी मागे घेत नाही.

भरीतपार्टी, तुम्ही ड्यूनचा घाम पाहिलात, ड्यून पाहिला नाही. तो सुपरहिरोचा सिनेमाच नाही, उलट तारणहाराची वाट बघणाऱ्यांना तो सणसणीत वाजवतो. दुसऱ्या भागाच्या शेवटी नायक पॉल धर्मयुद्ध पेटवून देतो आणि जी मुलगी त्याच्यावर प्रेम करते ती पाठ फिरवून निघून जाते. तुम्ही तेव्हा बहुतेक एसीच्या पॅनेलकडे बघत असाल.

माझा राग गृहपाठावर आहे. एक सिनेमा बघायचा तर आधी तीन मालिका, दोन सिनेमे आणि शेवटच्या नावांनंतरचे दोन तुकडे पाठ पाहिजेत. २०२५ च्या थंडरबोल्ट्सच्या नावापुढे तारांकन होतं, कर्जाच्या जाहिरातीत असतं तसं. अटी लागू. सिनेमा लागून आठवडा झाला नाही तोच त्यांनी स्वतःच फोडलं की तारांकन म्हणजे 'न्यू ॲव्हेंजर्स'. मग तिकीट काढलेल्यांना आधी का नाही सांगितलं? आणि मक्याच्या लाह्या साडेतीनशे रुपयाला! माझे आजोबा चाळीसगावच्या बाजारात तेवढ्यात पोतं आणायचे.

आणि हो, मी खान्देशचाच आहे, मला घाम शिकवू नका. प्रश्न साधा विचारतो: खान्देशानं सिनेमाला आजवर दिलं काय? शेवभाजी?

केळीचा घड

शेवभाजीला मध्ये आणायचं काम नाही.

लूमवर रात्रपाळी (मालेगाव)

खान्देशानं सिनेमाला सुपरमॅन दिला.

नासिर शेख यांनी मालेगावात शोले स्वतःच्या ढंगानं काढला, मग 'मालेगाव का सुपरमॅन' काढला. त्यात सुपरमॅन झाला तो शफीक शेख, पॉवरलूमवरचा कामगार, काडीपैलवान. अंगात निळा ड्रेस, मागे हिरवा पडदा. फैजा अहमद खान यांनी त्या शूटिंगवर डॉक्युमेंटरी केली, ती २०१२ ला थिएटरात लागली, जगभर गाजली. २०२५ च्या फेब्रुवारीत रीमा कागतींचा 'सुपरबॉइज ऑफ मालेगाव' आला, तो याच माणसांवर.

मी तेव्हा नववीत होतो. शूटिंग चाललंय असं कळलं म्हणून सायकल काढली. निम्म्या रस्त्यात मामा भेटले, कान धरून परत लूमवर आणलं, सुपरमॅन राहिला. कांडी भरत बसलो. आजही लूमचा खटखट आवाज आला की मला तो न पाहिलेला सुपरमॅन दिसतो.

आणि भरीतपार्टी भाऊ, तुमची तक्रार आहे ना की कुणी मरत नाही? आमचा सुपरमॅन मेला. तोंडाच्या कॅन्सरनं. तो काही दुसऱ्या विश्वातून परत आला नाही.

भरीतपार्टी

हे वाचून गप्प बसलो दोन मिनिटं. एसटी स्टँडवाला विनोद उगाच केला असं वाटलं. राहू दे, खोडत नाही.

चौथा अटेम्प्ट (धुळे)

सगळं मान्य. फक्त एक दुरुस्ती. मालेगाव खान्देशात नाही.

लूमवर रात्रपाळी

आलेच.

चौथा अटेम्प्ट

भावनेचा प्रश्न नाही. खान्देश म्हणजे जळगाव, धुळे, नंदुरबार. मालेगाव नाशिक जिल्ह्यात. कसमादे (कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा) पट्टा म्हणा हवं तर. परीक्षेत 'खान्देश' लिहून आलात तर मार्क जाईल.

लूमवर रात्रपाळी

तुमची परीक्षा १८६९ च्या आधी झाली असती तर मार्क मिळाला असता. नाशिक जिल्हा झाला तेव्हा मालेगाव, बागलाण खान्देशातून काढून तिकडे जोडले. आम्ही उठून गेलो नाही, साहेबानं रेघ मारली. आमच्या घरात उर्दू, गल्लीत अहिराणी, कचेरीत मराठी. नाशिकच्या भाजी बाजारात माझ्या सासऱ्यांनी "काब्र रे भो, इतलं महाग?" म्हटलं की लोक वळून बघतात. धुळ्यात कुणी बघत नाही. अजून काय पुरावा पाहिजे?

चौथा अटेम्प्ट

बोलीवरून प्रदेश ठरवायचा तर सुरतेत हिऱ्याला पैलू पाडणारे आमचे अर्धे गाववालेही खान्देशातच मोजा. प्रशासकीय व्याख्या ही व्याख्या असते. १९०६ ला खान्देशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले, १९६० ला त्यांचं जळगाव आणि धुळे झालं, १ जुलै १९९८ ला धुळ्यातून नंदुरबार निघालं. यात मालेगाव कुठे आहे दाखवा.

केळीचा घड

जिभाऊ, धागा सुपरहिरोचा आहे. परीक्षा जवळ आली का?

चौथा अटेम्प्ट

पुढे ढकलली.

आऊटर सिग्नल (भुसावळ)

मी रेल्वेतून रिटायर आहे, वेळेबद्दल बोलायचा मला हक्क आहे. इंटरस्टेलर २०२५ च्या फेब्रुवारीत परत लागला तेव्हा नातवाबरोबर गेलो. त्या पाण्याच्या ग्रहावर एक तास म्हणजे पृथ्वीवर सात वर्षं. नातू म्हणाला, "आजोबा, हे कसं शक्य आहे?" मी म्हटलं, भुसावळच्या आऊटरला गाडी उभी राहिली की आतल्या माणसाला तसंच होतं. फरक एवढाच, त्या ग्रहाजवळ कृष्णविवर होतं.

तो मनुष्य परत येतो आणि तेवीस वर्षांचे साठलेले व्हिडिओ बसून बघतो, पोरगं मोठं होतं, बाप होतं, तो नुसता रडतो. मी ड्युटीवर असताना माझी दोन्ही पोरं अशीच मोठी झाली. मला कुणी व्हिडिओ पाठवले नाहीत. सिनेमा चांगला आहे. कोथरूडवाल्यांनी पाहावा, गृहपाठ लागत नाही.

मुक्काम कोथरूड

नाना, तो मी २०१४ लाच पाहिलाय आणि तो चांगलाच आहे. मी वाईट सिनेमांना वाईट म्हणतोय. चांगल्याला वाईट म्हणायला मी समीक्षक नाही.

केळीचा घड

न मरणाऱ्यांचा विषय निघाला आणि कल्की कुणी काढला नाही? २०२४ चा. आठ फुटी अमिताभ, अश्वत्थामा. अख्ख्या सिनेमात तो एकटाच उभा राहिला की पैसे वसूल. प्रभास निम्मा सिनेमा उधारीत फिरतो आणि त्या गाडीशी गप्पा मारतो, बुज्जी तिचं नाव. माझ्या ट्रॅक्टरशी मी एवढ्या प्रेमानं बोललो असतो तर तो हिवाळ्यात पहिल्या स्टार्टरला उठला असता.

भरीतपार्टीचं म्हणणं चूक आहे. मरत नाही म्हणूनच तर मजा आहे.

तळोद्याची पायवाट (नंदुरबार)

अश्वत्थामा आमचा आहे. सिनेमावाल्यांनी विचारलंसुद्धा नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांनी एकदा दिवाळीत तळोद्याला या. धनत्रयोदशीपासून अस्तंब्याची यात्रा चालते, रात्रभर माणसं डोंगर चढतात. वरती तो आहे, कपाळावरची जखम वाहतेय, आणि जखमेवर घालायला येणाऱ्या-जाणाऱ्याकडे तेल मागतो, अशी आमच्याकडची धारणा. वाट चुकलेल्याला वाटेवर आणून सोडतो असंही म्हणतात.

मी अकरावीत असताना पहिल्यांदा गेलो. पाच जण, दोन बॅटऱ्या, त्यातली एक हलवली की लागायची. पहाटे दोनच्या सुमाराला चढावर दगडाला टेकून बसलो तर मागून जाड आवाज, "पोरांनो, तेल आहे का रे?" बॅटरी पडली. आमच्यातला एक जण, आज तो पोलीस खात्यात आहे, त्यानं चप्पल तिथेच सोडली. मी पळालो नाही. शूर होतो म्हणून नाही, पाय उचलेना म्हणून. आवाज जवळ आला. शहाद्याकडचे एक आजोबा, धोतर गुडघ्याच्या वर, म्हणाले, "गुडघे धरलेत रे, चोळायला तेल असेल तर द्या." माझ्या आईनं पिशवीत खोबरेल दिलं होतं, निळ्या झाकणाची छोटी बाटली. त्यांनी हातावर घेतलं, दोन्ही गुडघ्यांना लावलं, बाटली परत दिली आणि आमच्या पुढे निघून गेले. वर पोहोचेपर्यंत आम्हाला ते दिसले नाहीत. मित्र म्हणतात तोच होता. मी म्हणतो संधिवात होता. पण ती बाटली अजून घरात आहे आणि आई ती फेकू देत नाही.

तर सांगायचं काय, की आमच्याकडे न मरणं ही पॉवर नाही, शिक्षा आहे. मणी काढून घेतला आणि कृष्णानं सांगितलं, भटक. हॉलिवूडवाले ज्याला सुपरपॉवर म्हणून विकतात, ती आमच्या डोंगरावर तेलासाठी हात पसरते. कल्कीत त्याला मारामारीला लावलं. मला बघवलं नाही. भरीतपार्टी यांना माझा पाठिंबा, पण एसी बंद असताना तीन तास बसल्याबद्दल नाही.

आऊटर सिग्नल

पायवाट, गोष्ट झकास. पण अश्वत्थामा अशीरगडावर आहे. बऱ्हाणपूरजवळ. रोज पहाटे तिथल्या महादेवावर ताजं फूल सापडतं. माझी पहिली पोस्टिंग बऱ्हाणपूरला होती, तिथं शेंबडं पोरगं सांगेल.

तळोद्याची पायवाट

नाना, फूल कुणीही वाहील. तेल मागणारा पाहिजे.

आऊटर सिग्नल

तुमचा तेल मागणारा शहाद्याचा निघाला.

लूमवर रात्रपाळी

थांबा थांबा. बऱ्हाणपूर आज मध्य प्रदेशात. पण फारुकी सुलतानांची राजधानी आधी थाळनेर, मग बऱ्हाणपूर. अकबरानं १६०१ ला अशीरगड घेतला तेव्हा खान्देशचं राज्य बुडालं. म्हणजे खान्देशची राजधानी ज्या गावी होती ते गाव आज खान्देशात नाही, आणि चौथा अटेम्प्ट मला मालेगावची जिल्हा-यादी वाचून दाखवतायत! साहेब, तुमच्या व्याख्येत खान्देशचे खानच बसत नाहीत.

चौथा अटेम्प्ट

बुद्धिभेद करू नका. ऐतिहासिक खान्देश वेगळा, आजचा वेगळा.

लूमवर रात्रपाळी

म्हणजे खान्देशाचंही मल्टिव्हर्स आहे. एकात मालेगाव आहे, एकात नाही.

चौथा अटेम्प्ट

चांगला विनोद. उत्तर नाही आलं की विनोद करायचा. दंगल, लूम, कॅमेरा काही झालं की मालेगाव, आणि कौतुक झालं की लगेच "आम्ही खान्देश". आधी ठरवा.

लूमवर रात्रपाळी

दंगल कुठून आली मध्ये? मी सुपरमॅनबद्दल लिहिलं होतं. तुम्ही दंगल काढलीत. आता परत लिहिणार नाही.

भरीतपार्टी

चौथा अटेम्प्ट, हे जरा जास्त झालं. दुरुस्ती केली इथपर्यंत ठीक होतं.

शाळेची घंटा (अमळनेर)

दोन दिवस वाचतेय. सगळे दादा लोक नकाशा घेऊन बसलेत. एक बाई म्हणून थोडं बोलते, नंतर परत भांडा.

फँटास्टिक फोर पाहिलात का, २०२५ चा? बाईचं बाळंतपण अंतराळात, यान पळतंय, मागे ती चांदीची बाई लागलेली. खाली आलं तर सगळं जग म्हणतं, त्या ग्रह गिळणाऱ्या गॅलॅक्टसला बाळ देऊन टाका म्हणजे पृथ्वी वाचेल. सगळ्या सुना हे बघून गालात हसल्या असतील. बाळ कुणाचं आणि निर्णय कोण घेतंय! मला तो सिनेमा या एका कारणासाठी आवडला. शेवटी ती आई, सू, मरते आणि बाळच तिला जिवंत करतं. भरीतपार्टी दादांनी तिथं नक्की नाक मुरडलं असणार.

मल्याळम लोकांनी २०२५ लाच यक्षिणीच्या गोष्टीतून लोका काढला, कल्याणी प्रियदर्शन आहे, बघा. आपल्याकडे कानबाईसारखी देवी आहे, श्रावणात घरोघरी बसते, रोटांना भाऊबंद लांबून येतात. तिच्यावर कुणी सिनेमा काढला तर पहिली अर्धी फौज "विटंबना" म्हणून उभी राहील, ती थिएटरबाहेर. आतल्या आपल्याच.

आणि मराठी डबिंगचं कुणी बोलत नाही. हिंदी, तमिळ, तेलुगू असतं. आम्हाला हिंदी चालतं म्हणून आम्हाला कुणी विचारतच नाही.

आता मरण्याबद्दल. माझ्या बहिणीचे यजमान २०२१ मध्ये कोरोनात गेले. भाचा नऊ वर्षांचा. त्याच डिसेंबरात स्पायडरमॅनचा नो वे होम लागला, मीच घेऊन गेले, पोराचं मन रमेल म्हणून. त्यात जुन्या सिनेमांत मेलेले ते चष्मेवाले डॉक्टर ऑक्टोपस, तो हिरवा गॉब्लिन, दुसऱ्या विश्वातून येतात. मध्यंतरात त्यानं माझी ओढणी ओढली आणि विचारलं, "मावशी, दुसऱ्या विश्वात पप्पा असतील ना?" मी हो म्हटलं. त्यानं समोसा खाल्ला. तीन आठवड्यांत पहिल्यांदा त्यानं काहीतरी पूर्ण खाल्लं होतं.

तेव्हा दादा, तुम्हाला वारसनोंदीचा विनोद सुचतो, मला तो समोसा आठवतो. तुमच्या तक्रारीला माझं हे उत्तर.

केळीचा घड

ताई.

भरीतपार्टी

ताई, याच्यापुढे मी काय बोलू. तक्रार मागे घेतो. सगळी नाही, निम्मी. त्याच सिनेमात स्पायडरमॅनची आंटी मे मरते आणि ती परत येत नाही, हे तुमच्याही लक्षात असेल. ती परत आली असती तर तो सिनेमा मला आवडला नसता. पण तुमच्या भाच्याला मी हे सांगणार नाही.

शाळेची घंटा

त्याला माहीत आहे. तो आता आठवीत आहे. परवा म्हणाला, "मावशी, तेव्हा तू खोटं बोलली होतीस ना?" मी म्हटलं हो. म्हणाला, "बरं झालं."

मुक्काम कोथरूड

बाई, तुमच्या प्रतिसादानंतर मी माझं मूळ वाक्य परत वाचलं. "घोड्यांसाठी अंगाई". अंगाई ही वाईट गोष्ट आहे असं मी कुठेही म्हटलेलं नाही, हे कृपया नोंदवावं.

भरीतपार्टी

नोंदवलं. कोथरूडकर मागे घेत नाहीत, बाजूला ठेवतात. खारीसारखं.

केळीचा घड

वातावरण जड झालंय म्हणून एक. ॲव्हेंजर्समधला खलनायक थॅनॉस अहिराणीत डब केला तर? "मी काही टळाव नही भो!" टाळ्या.

तळोद्याची पायवाट

रावेरवाल्यांनी अहिराणी करू नये. तुमच्याकडची बोली वेगळी, तुमचा थॅनॉस म्हणेल, "मी टळून नाही राहिलो." तोच शोभेल.

केळीचा घड

त्यालाही टाळ्या पडतील.

आऊटर सिग्नल

थॅनॉस चुटकी वाजवून अर्धी माणसं गायब करतो, हे आमच्याकडे दर दिवाळीनंतर होतं. सुरत, पुणे, मुंबईच्या गाड्या भरल्या की गल्लीत म्हातारे उरतात. थॅनॉसला हातात एवढे खडे कशाला लागले कळत नाही.

लूमवर रात्रपाळी

लिहिणार नव्हतो. पण नानांच्या प्रतिसादावर हसू आलं म्हणून आलो. चौथा अटेम्प्ट, तुमच्याशी बोलत नाहीये.

चौथा अटेम्प्ट

दंगलीचं वाक्य मी लिहायला नको होतं. रात्री दीडला लिहिलं, परीक्षा पुढे गेली त्या दिवशी. कारण म्हणून सांगत नाही, वेळ सांगतोय. ती डॉक्युमेंटरी काल पाहिली. शफीकभाई डोळ्यांपुढून जात नाही.

लूमवर रात्रपाळी

बरं.

मुक्काम कोथरूड

एक चौकशी. ॲव्हेंजर्सचा डूम्सडे १८ डिसेंबर २०२६ ला लागणार असं जाहीर झालंय. मी त्या आठवड्यात गावाकडे असेन, भरताची वांगी न्यायला. सिनेमा वाईटच असणार, पण घोडे बरोबर येणार म्हणून बघावा लागेल. एसी चालू असेल का?

भरीतपार्टी

डिसेंबरात एसी कशाला लागतो? वांगी बामणोदचीच घ्या, आणि चारांत एक जागा धरतो तुमची.

लूमवर रात्रपाळी

सगळे मालेगावला या. खिडकीवर सांगा, खान्देशातून आलो.

चौथा अटेम्प्ट

येतो. जिल्हा नाशिक. तिकीट काढताना ॲपमध्ये भरावं लागतं म्हणून सांगितलं.